टिंब

रात्रीचे तीन. त्र्यंबक नाक्यावर
ट्रक गिअर बदलतो, तेवढाच आवाज.

नऊशे चाळीस ग्रॅम.
पिंपळगावच्या लिलावात
याहून जड घड मी हातात तोललेत.

डोबुटामिनची सिरिंज संपत आलीय.
नवी दुसऱ्या पंपावर आधीच चालू,
पण जुनी लगेच काढायची नाही.
मध्ये फट पडली
तर एवढंसं काळीज वाट बघत नाही.

"टिंब कुठंय?"
गांगुर्डे सिस्टर बोट ठेवून वाचते:
शून्य, टिंब, तीन.
मग मी. मग पुन्हा ती.
पाढे घोकणाऱ्या पोरी जशा.

प्रेशर एकतीस.
अठ्ठावीस.
आम्ही दोघी बोलत नाही.
तीस.

बाहेर त्याचा बाप
चपला उशाशी घेऊन झोपलाय.
उठल्यावर विचारेल, रात्री काय झालं?

काहीच नाही, दादा.