मोड

जग मोडत होतं
आणि मनामाच्या बाजारात मोड मिळत नव्हती.

मुंबईची बोट दोन महिने नाही.
आणे कुणी पुरले, कुणी वितळवले म्हणत.
पाणक्या मुराद गाढव थांबवून विचारी,
"रुपया फोडू कशानं? दगडानं?"

तेव्हा वल्लभदास शेठ म्हणाले,
"पेडणेकर, रॉकेलचे रिकामे डबे किती?"

मी वेंगुर्ल्याचा, रोजकीर्द लिहिणारा हात.
त्याच हाताने कातरी धरली.
पंधरा डबे, सहाशे चकत्या.
खिळ्याने एक भोक म्हणजे एक आणा,
दोन भोकं, दोन.
ठसा कुठून आणणार?
तिजोरीची चावी ठेवून वर हातोडी मारली.
चावीचे दात उमटले. झाली टांकसाळ.
वहीत लिहिलं: देणे.

पहिल्या दिवशी लोक हसले.
आठव्या दिवशी त्याच पत्र्यावर
बोय मासा, सुकी लिंबं, न्हाव्याकडची दाढी.
मशिदीच्या दाराशी आंधळा हसन
भोकांवर अंगठा फिरवून
तेवढीच दुवा द्यायचा.
कडा मात्र वाईट. बोटं कापायच्या.
उम्म जुमा खवल्यांनी भरलेला हात पुढे करी,
मी म्हणे, लढाई आहे, बाई.

मग बोट आली. पोती उतरली.
शेठांनी दवंडी पिटवली:
आठ दिवसांत चकत्या आणा, आणे न्या.

शेवटच्या रात्री मी मोजल्या.
पुन्हा मोजल्या.
गेल्या सहाशे,
आल्या सहाशे अकरा.

कंदिलाखाली अकरा वेगळ्या निघाल्या.
भोक माझ्यापेक्षा सरळ.
सगळ्या एका भोकाच्या.
दुसरं पाडायला काय लागलं असतं?
चावीचे दात तंतोतंत,
म्हणजे ज्याला हे जमलं
त्याला तिजोरीचं कुलूपही जमलं असतं.
तिजोरी शाबूत होती.
आणि कडा
कानशीने घासलेल्या,
तान्ह्या पोराच्या मुठीत द्याव्यात अशा.

आमच्याकडे म्हण आहे, आपलंच नाणं खोटं.
ती मी शेठांना सांगितली नाही.
ते एका चकतीच्या कडेवरून
कितीतरी वेळ अंगठा फिरवत बसले.
"दिले ते दिले," म्हणाले,
"घाल कुठल्याही खाती."

मी लिहिलं:
कानस-घसाई, आणे अकरा.
बोटाला अजून चिंधी होती माझ्या.
तिला शाई लागली.