आल्याची नोंद

बक्स्टनमध्ये फोन उचलताना माझं नाव माया असतं.
मृण्मयी बिल्ल्यावर मावलं असतं,
गिऱ्हाइकांच्या तोंडात मावेना.

दिवसातून वीसदा मी तीच यादी म्हणते,
आवाज खाली आणून, वाफ सोडावी तसा:
स्वीडिश मसाज, ज्याला स्वीडनमध्ये नुसता मसाज म्हणतात म्हणे;
समुद्री शेवाळाचा लेप, समुद्र इथून दोन तासांवर;
मृत समुद्राचा चिखल, झाकणबंद डब्यातला;
हमाम, त्याच्या फरश्या चेस्टरफील्डच्या गोदामातून आल्या;
मिठाची खोली, तिथे बसून फक्त श्वास घ्यायचा,
पंचवीस मिनिटांचे बत्तीस पौंड.
आणि शिरोधारा.
तिचा उच्चार मी त्यांच्यासारखा मोडून करते,
नाहीतर विचारतात, तुम्हीच करणार का?

रस्त्यापलीकडे तेच कोमट पाणी
नळातून रात्रंदिवस फुकट वाहतं.
ते यादीत घालायचं नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

गुरुवारी पावणेचारला मिस्टर हॅलम आले.
पायपुसण्यावर बूट घासले, पुन्हा घासले.
पाकिटातून चार घड्यांचं व्हाउचर काढून
काउंटरवर तळव्याने सपाट केलं.
मॉरीन हॅलम. उष्ण शिळा, नव्वद मिनिटं.
लेकीकडून, साठीनंतरच्या दहाव्या वाढदिवसाला.
मुदत आज संपते.

खाली बारीक अक्षरांत: दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही.
ते वाक्य मीच टाइप केलंय.

‘त्या मागून येतायत का?’
‘मार्चमध्ये गेली,’ ते म्हणाले,
आणि घड्याळाकडे बघितलं,
उशीर त्यांच्याचमुळे झाल्यासारखं.

मला दुसरं काही सुचेना, फॉर्म पुढे सरकवला.
दाब कसा हवा: हलका, मध्यम, जोरकस?
त्यांनी लिहिलं, माहीत नाही.
ताण शरीरात कुठे साठतो?
पेन बराच वेळ हवेत.
मग लिहिलं, स्वयंपाकघरात.

दानुता दगडांचा ट्रे घेऊन आली,
ओले, काळे, मुठीएवढे, वाफाळते.
‘अडतीस वर्षं खाणीत दगड फोडले,
आता हे माझ्या पाठीवर मांडणार?’
हसले. हसू मध्येच अडकलं,
दोन मजल्यांमध्ये लिफ्ट अडकते तसं.

एक उचलला. अंगठ्याने चाचपला, उजेडात धरला.
‘हा आमच्या चुनखडीतला नव्हे.
बेसॉल्ट. आगीतनं आलेला.’

मला सांगायचं होतं,
हा आमच्याकडचा हो.
आमच्या गावाला जमीन म्हणजे हाच,
नदीच्या पायऱ्या हाच,
न्हाणीत आई ज्यावर टाचा घासायची, तोही हाच,
आणि त्या टाचांना कुणी कधी दाब विचारला नाही.
पण ओठांवर माया होती, ती म्हणाली,
‘पाणी घ्या ना, आल्याचं आहे.’

संगणकावर नावाच्या रकान्यात
मॉरीन तशीच राहू दिली.
‘आल्या’ यावर टिचकी मारली.

सव्वापाचला ते बाहेर आले.
गालावर उशीच्या कड्याचा लाल वळ, केस चपटे,
कोटाची बटणं एका घराने चुकलेली.
दानुता माझ्या कानाशी: अर्धा वेळ झोपले,
अर्धा वेळ मला सांगत होते
दगड असे रचू नयेत, जड आधी खाली.

काचेतून दिसलं, रस्ता ओलांडून नळापाशी गेले.
बाटली नव्हती. ओंजळ धरली,
आणि नुसती धरूनच उभे राहिले,
बाही भिजेपर्यंत.

फोन वाजला. माया बोलतेय.
काय काय आहे तुमच्याकडे, पलीकडून विचारलं कुणीतरी,
आईला द्यायचंय.
मी यादी सुरू केली.
उष्ण शिळेपाशी आल्यावर
आवाज खाली आणायचा राहून गेला.