माझ्या नावची पावती

हिंडलगा जेलची पेटी मंगळवारी दुरुस्तीला आली,
पोलीस व्हॅनमधून, पोत्यात गुंडाळून.
हवालदार म्हणाला, भाता फाटलाय मामा,
आणि साहेबांनी पक्की पावती आणायला सांगितलीय.

पावती.
हा शब्द आला की माझा अंगठा अजून आखडतो.

प्रभंजन हुद्दार याच स्टुलावर बसायचा,
नाव व्हायच्या आधी नेहमी, नाव झाल्यावर दोनदा.
दुसऱ्या वेळी मागे तीन गाड्या, शहापूरची गल्ली जाम,
मागावरचे विणकर खिडक्यांना लोंबकळलेले,
आणि तो मला हळूच म्हणतोय,
किल्लेकर, मंद्र पंचम जरा भुकेला वाटतोय बघा.
भुकेला! सुराबद्दल असं कोण बोलतं?
मी तीन दिवस त्या सुराला जेवू घातलं.

पेटी न्यायला आलेल्या माणसानं कागद पुढं केले:
दुरुस्तीचे दोन हजार, इथं सही, इथं, आणि इथं.
तीन जागी कशाला, हे मी विचारलं नाही.
मोठ्या कलाकाराच्या घरचे कागद असेच असतील, वाटलं.

वर्षानं कळलं, मी एका पक्षाला नव्वद हजार दिलेत.
मी,
गणपतीच्या वर्गणीला पन्नासाची नोट
दोनदा चाचपून देणारा.
पैसे निघाले समुद्रापलीकडच्या कुणा शेठजीकडून,
हुद्दारच्या फाउंडेशनमध्ये एक रात्र मुक्काम केला,
मग चोवीस जणांची नावं पांघरून
इथल्या निवडणुकीत उतरले.
तबल्याचा मेहबूब, माईकवाला कल्लाप्पा,
दुसऱ्या गेटजवळ कुंदा विकणारी शांतव्वा,
हुद्दारची मावशी, जी तेव्हा वारून सहा वर्षं झालेली.
आणि क्रमांक चारशे सतरा, मी.

कोर्टात वकिलानं कागद उंच धरला.
ई सही निम्मदा?
हौदु, म्हटलं.
मग मराठीत म्हटलं, सही माझी. पैसे माझे नव्हेत.
आयुष्यात माझी एवढीच दोन वाक्यं पेपरात आली.
तो कठड्यातून बघत होता. रागानं नाही.
षड्ज लावायच्या आधी बघायचा तसा,
लागतोय का नाही.

तीन वर्षं झाली त्याला.
आधी अलीकडचे म्हणायचे आमचा, पलीकडचेही आमचा,
आता निपाणी ओलांडून विचारा, तो त्यांचा कानडी,
इकडं विचारा, तो त्यांचा मराठी.
शिनोळीच्या एका हॉटेलात त्याचा फोटो
भिंतीकडं तोंड करून टांगलाय.
खिळ्यावरनं काढायचं तेवढं कुणाच्या जिवावर आलंय.

पेटी उघडली.
भाता उंदरानं कुरतडलेला, कोपऱ्यात वाळकी शितं.
चिठ्ठी शोधली मी, खोटं कशाला बोलू.
चिठ्ठी नव्हती.
पण काळी दोनचा सा धरला की खाली जो पंचम येतो,
त्याची पितळी पट्टी कुणीतरी घासलेली,
खिळ्यानं, नाहीतर चमच्याच्या दांड्यानं,
हात अडाणी, जागा बरोब्बर.
सूर अजून भुकेलाच.

भात्याला दुपारपर्यंत नवं चामडं चढलं.
त्या एका पट्टीला रात्रीचे दोन वाजले.
गल्लीत माग बंद झाल्यावरच ऐकू येतं
पितळ नेमकं काय मागतंय ते.

सकाळी पावती केली:
चामडं, सरस, मजुरी, सहाशे चाळीस.
पंचमाचं त्यात लिहिलं नाही.
ते मी दिलं. खरंच मी दिलं,
आणि त्याचा कागद कुठंच नाही.

हवालदारानं विचारलं, सही कुठं केलीय मामा?
एकाच जागी, म्हटलं.
आणि खाली उरलेल्या कोऱ्या कागदावर
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत
तिरकी रेघ ओढून दिली.