हातचा

बावीस प्रश्न आहेत. प्रत्येकापुढे पाच चौकोन:
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, जवळजवळ नेहमी.
शून्य ते चार.
मी नर्स. मी बेरीज करते,
दर गुरुवारी, मासळीच्या लिलावघरावरच्या दवाखान्यात.
खिडकीतून कामारिन्यासची खाडी दिसते,
धुकं असलं तर तीही नाही.

ओब्दुलिया, छप्पन्न. आजारी आहे तो तिचा सासरा.
नवरा ट्रॉलरवर, आयर्लंडच्या पलीकडे कुठेतरी.
दीर बासेलला फरशा बसवतो, रविवारी फोन करतो
आणि गावभर कळवतो: आज बाबांनी मला ओळखलं!
ओळखलं असेल.
ओब्दुलियाला ते "ए" म्हणतात,
फार लाडात आले तर
एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरला बुडालेल्या बोटीच्या नावानं.
रात्री अडीचला धक्क्यावर जायला निघतात.
म्हणून किल्ली तिच्या उशाखाली
आणि झोप दाराशी.

"चिडता का त्यांच्यावर?" मी विचारते.
ती आधी मागे वळून बघते, दार लागलंय ना.
मग "बरेचदा"वर खूण. खोडते. "कधीकधी".
तेही खोडते.
कागद तिथे इतका झिजतो
की खालचं टेबल दिसायला लागतं.
एकसष्ट.
याला कुणी काम म्हणत नाही इथे.
सून आहे ना घरात, म्हणतात,
जसं म्हणावं, विहीर आहे ना परसात.

एलादिओ, एक्क्याऐंशी. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा.
बायको दोरिंदा, लेस विणणारी;
तिच्या हातची लेस तीन वेदींवर अंथरलेली आहे.
तो वही ठेवतो: पाणी किती, गोळी कधी, लघवीचा रंग,
समासात, सवयीनं, वाऱ्याची दिशा.
शेजारणी त्याला रस्सा आणून देतात.
केवढं करतो हो बिचारा, पुरुष असून!
फिलोमेनाच्या बेकरीत त्याच्याकडून पावाचे पैसे घेत नाहीत.
ओब्दुलिया त्याच रांगेत, सुटे मोजत.

मला राग यायचा. खोटं कशाला बोलू.

बावीस प्रश्नांना त्याचं एकच उत्तर: कधीच नाही.
शून्य.
"इंजिन व्यवस्थित चालू आहे," म्हणाला
आणि उठताना त्यानं पँट वर ओढली.
पट्ट्याला तीन नवी भोकं होती,
खिळ्यानं पाडलेली.
आयुष्यभर त्यानं हातचं राखूनच उत्तरं दिली असणार,
समुद्राला, मालकाला, मुलीला.
बायका माझ्या टेबलाशी रडतात, ते आकड्यात येतं.
याचं कुठे धरायचं?

घरी गेले तेव्हा दोरिंदा चादरीची कड चिमटीत धरून
हवेत रिळं फिरवत होती, डावं उजव्यावरून,
एकही टाका न चुकता.
तो मागे उभा राहून तिची वेणी घालत होता.
मोठ्या, काळ्या नखांची बोटं,
तीन पेड, एकसारखे.
"ती मला आई म्हणते," त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं.
"संध्याकाळी पाचपासून. मी ओ देतो."
मग पुष्कळ वेळानं:
"सुरुवातीला जमत नव्हतं. वेणी म्हणतोय मी."

तीन वाजता माझी पाळी संपते.
माझीही आई आहे. भाऊ शनिवारी तिला आइस्क्रीम खायला नेतो,
दोघांचा फोटो पाठवतो. फोटोत ती हसते.
तिचा कोट मी धुतलेला असतो.

काल गाडीतच, स्टिअरिंगवर कागद ठेवून,
बावीसही चौकोन भरले. पहिल्यांदाच.
बेरीज सत्तावन्न आली.
पुन्हा केली. या खेपेला हातचा विसरले,
सत्तेचाळीस.

तेच लिहिलं.