गोदामावरचा वर्ग

दोंडाईच्यात, मिरचीच्या गोदामावर
पत्र्याच्या खोलीत भरतो माझा इंग्रजीचा वर्ग.
बारावीला मी स्वतः इंग्रजीतच उडाले होते,
हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून टाकलं,
म्हणजे कुणी बिचकायला नको.

पहिला धडा खालूनच आला, जिन्यावरून.
खाली पोती उपसली की वर अकरा जण शिंकतात
आणि अकरा जण एकमेकांना म्हणतात, ब्लेस यू, ब्लेस यू.
श्वास घ्यायला सवड नाही एवढे आशीर्वाद.
आपल्याकडे शिंक आली की निघालेला माणूस
परत चपला काढतो, निंबा पाटील म्हणाला,
तिकडं उलटंच दिसतंय.

निंबा बाजार समितीत काट्यावर असतो.
गुपित फोडलं की ते म्हणतात घेवड्याचे दाणे सांडले,
असं सांगितल्यावर त्याने वहीत उतरवून घेतलं
आणि खाली पेन्सिलीने: किती किलो?

सोप्या कामाला आपण म्हणतो हातचा मळ,
ते म्हणतात केकचा तुकडा.
"म्हणजे खाणार ते, धुणार आपण," इति फिरोज पिंजारी,
कूलरवाला.

देवका पावरा उपकेंद्रात नर्स.
बरं नसलं की इंग्रज हवामानाच्या खाली जातो, हे ऐकून
ती खिडकीबाहेर बघत राहिली.
मे महिना. पंचेचाळीस. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
"मिस, मग इथं वर कोण आहे?"

मला सगळं येतं असं नाही.
रात्री डिक्शनरीत एका शब्दाला सात अर्थ सापडतात,
सकाळपर्यंत तीनच उरतात.

मिस हा शब्द तर मी सोपा धरला होता.
बस चुकली, मिस. कॉल राहिला, मिस.
मला हाक मारायची, तरी मिस.
आणि माणूस लांब गेला की, तेव्हाही तोच.
अहिराणीत सांगून पाहिलं: माले तुनी याद येस.
बघा, आपल्याकडे याद आपली आपण येते,
न विचारता, पाव्हण्यासारखी,
हातपाय धुऊन बसते.
इंग्रजीत ती आपल्याला करावी लागते.
आय मिस यू. कर्ता आपण.
वर्ग जरा गप्प झाला.
खाली वजनं वाजली.

शेवटच्या बाकावर वालूबाई गिरासे.
एकोणीस वर्षं एसटी स्टँडवर भत्ता विकला तिने,
खिडकी-खिडकीशी, टाचा उंचावून,
गुडघे गेले तेव्हा थांबली.
नातवाच्या शाळेत पालकसभा इंग्रजीत होते
म्हणून येते.
वाक्य करा म्हटलं, तर तिने सावकाश,
एकेक अक्षर धरून धरून लिहिलं:
द बस मिस्ड मी.

मी लाल पेन उघडलं.
बाई, उलटं झालं. चुकतो आपण, बस नाही.

"उलटं कसं?" ती म्हणाली.
"शहादानी साडेचारनी.
डायवर आजूनबी हॉर्न मारस, मी बठू तठे, निंबखाले.
कोन्ही चढत नही, कोन्ही उतरत नही."

पेनाला टोपण लावलं मी.
बरोबरची खूण केली नाही, चुकीचीही नाही.

खाली कुणीतरी पोतं ओढलं.
सगळ्यांनी नाकाला पदर, रुमाल लावले, आणि वालूबाई
कुणी शिंकायच्या आधीच म्हणाली,
ब्लेस यू.