ब्रेक : ठीक

गाडी खड्ड्यावर आलीच नव्हती.
आला होता तिचा कागद,
आणि कागदाच्या घडीत पन्नास लेव्हा.

स्तोइमेन म्हणाला, लिही गं राडका,
एवढ्या बर्फात कोण उतरणार खाली.
लिहिलं मी. टायर : ठीक. दिवे : ठीक.
ब्रेकच्या रकान्यापाशी जराशी थांबले,
पेन चालत नव्हतं म्हणून.
मग चाललं.

फोटो लागतो, तो मागच्या खेपेचा डकवला.
त्यात कुंपणाजवळचा अक्रोड हिरवागार,
खाली तारीख जानेवारीची.
चार महिने त्या झाडाकडे कोणी पाहिलं नाही.

मग देविनच्या उतारावर
यांकोची दुधाची गाडी
थांबायची तिथे थांबली नाही.
पुढे भिंत होती.
गटारातून दूध वाहत गेलं, म्हणतात,
थेट चर्चच्या पायरीपर्यंत.
यांकोबद्दल कोणी काही म्हणत नाही.

आज चौकशीची बाई
अक्रोडावर बोट ठेवून विचारते, हे काय?
स्तोइमेन छताकडे बघतो,
वकील स्तोइमेनकडे.

मी म्हणते, झाड.
बऱ्याच वेळाने म्हणते,
सही माझी आहे.

ती लिहून घेते.
तिचं पेन एकदाही अडत नाही.