उपसा

आपल्या दाराला आधी दोनच पायऱ्या होत्या, गेर्बेन.
आता चार आहेत.
घर खांबांवर उभं, ते जागचं हललं नाही.
अंगणच खाली गेलं, वर्षाला नखभर,
आणि आपण दहा-बारा वर्षांनी
एक फळी ठोकून म्हणत राहिलो, झालं.

फ्रीसलंडची ही काळी माती म्हणजे
पाण्याखाली कुजायचं राहून गेलेलं लव्हाळं.
पंपघरात एकोणीस वर्षं मी एवढंच करते:
पाणी चढलं की उपसा.
उपसलं की माती वाळते,
वाळली की हवा शिरते,
हवेनं ती जळते, धूर न काढता,
आणि बसते खाली.
बसली की पाणी पुन्हा वर दिसतं.
पुन्हा उपसा.
यात कुणी वाईट नाही.
गायींना कोरडी जमीन हवी, एवढंच.

तुझा भाऊ गेला त्या हिवाळ्यात
मी विचारलं, काय होतंय तुला?
तू गोठ्यात गेलास.
मी गोठ्यात येऊन विचारलं.
तू होडीला डांबर लावायला गेलास, थंडीत.
तू पळतोस म्हणून मी विचारते, असं मला वाटायचं.
मी विचारते म्हणून तू पळतोस, असं तुला.
दोघंही खरंच बोलत होतो.
पंपाच्या नोंदवहीत रोज हे चक्र लिहिणारी मी
ते तिथंच टेबलावर ठेवून घरी यायचे.

मार्चमध्ये जलमंडळाचा कागद आला:
पातळी वीस सेंटिमीटर वर ठेवा. भिजू द्या.
शेजारचा वोब्बे भडकला, गायींचे पाय रुततील म्हणाला.
रुतलेही.

त्याच आठवड्यात मी विचारणं थांबवलं.
रागानं नव्हे.
तुझं मौन असू दिलं जेवणाच्या टेबलावर,
बटाट्यांच्या वाडग्याशेजारी.
एप्रिल. काही नाही.
मे. काही नाही. माझे हात शिवशिवत होते.
पंपावर नवख्यांची हीच चूक होते:
कळ दाबली, पाणी हललं नाही, म्हणून पुन्हा दाबायची.
चराच्या टोकापर्यंत निरोप पोचायला
चराएवढाच वेळ लागतो.

जूनमध्ये एकदा, रात्री साडेदहालाही उजेड होता,
भांडी पुसता पुसता तू म्हणालास,
"बर्फ पातळ आहे हे मला माहीत होतं."
मी पुढची ताटली तुझ्या हातात दिली.

खचलेलं अंगण वर येत नाही.
पायऱ्या चारच राहतील.
पण पाचवीसाठी आणलेली फळी
काल तू चराच्या काठाला लावलीस, तिरकी,
बदकाच्या पिल्लांना चढता यावं म्हणून.